डहाणूची रशियन डॉक्टरीण

माझ्या दवाखान्याच्या बोर्डावरचा एक शब्द मी मागच्या वर्षी ब्लेडने खरवडून काढला. स्वतः, स्टुलावर चढून, भर सकाळी, समोरचा केळीवाला गिऱ्हाईक सोडून बघत असताना. बोर्डावर वर माझं नाव आहे, डॉ. रश्मी विष्णू चुरी. त्याखाली डिग्री, मग वेळा, आणि सगळ्यात खाली ‘मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी व रशियन’. त्यातला रशियन गेला. ‘व’ तेवढा राहिला, कारण तोवर हात भरून आला होता. आता वाचणाऱ्याला वाटतं, पेंटर काम अर्धं टाकून पळाला. वाटू दे.

तो शब्द तिथे घातला होता पप्पांनी. पप्पा रेल्वेत होते, डहाणू रोडच्या तिकीट खिडकीवर बत्तीस वर्षं, त्यामुळे निम्मं गाव त्यांना तोंडाने ओळखतं आणि उरलेलं आवाजाने. मी रशियात सहा वर्षं डॉक्टरी शिकायला होते. तिथून आलेल्यांकडे इथे कसं बघतात ते तुम्हाला सांगायला नको. ‘बाहेरून करून आली,’ म्हणतात, आणि म्हणताना नाक असं काही मुरडतात की मी जणू डिग्री नाही, सर्दी घेऊन आलेय. त्यातून इथली परीक्षा मी तिसऱ्या खेपेला पास झाले, आणि तेही गावाला माझ्याआधी कळलं. मग पप्पांना छाती काढून चालायला कुठेतरी जागा हवी होती. ती त्यांना रशियन भाषेत सापडली. मार्कांना नावं ठेवता येतात, पण माझ्या रशियनला डहाणूत कोण नावं ठेवणार?

“आमची रश्मी फाडफाड रशियन बोलते,” हे वाक्य मी लग्नात ऐकलंय, बारशात ऐकलंय, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत ऐकलंय. लगेच हुकूम सुटायचा, “बोल गं काहीतरी!” मग मी हॉस्टेलच्या मेसचा सोमवारचा मेनू म्हणून दाखवायचे. कोबीचं सूप, उकडलेला बटाटा, काळा पाव, चहा. मावश्या तोंडावर हात ठेवायच्या. आमची मम्मी शाळेत शिक्षिका होती, तिला पोरांच्या थापा बरोबर कळतात. ती एकदा हळूच म्हणाली, “दर वेळी तेच म्हणतेस गं तू.” तिला मी काहीबाही सांगून गप्प केलं.

खरं काय होतं, तर आमची बॅच इंग्रजी माध्यमाची. हॉस्टेलात नगरच्या, नाशिकच्या, सुरतेच्या आम्ही मुली एका मजल्यावर, मेसला स्वयंपाकी आपल्याकडचा, आठवड्यातून एक सोमवार तेवढा रशियन. वॉर्डात पेशंटशी बोलायची वेळ आली की देवेश नावाचा सोलापूरचा एक मुलगा पुढे व्हायचा. त्याला भाषा छान यायची. तो विचारायचा, आम्ही मागे उभ्या राहून वहीत उतरवायचो. सहा वर्षांत माझ्या पदरात चाळीसेक वाक्यं पडली. कुठे दुखतं, कधीपासून, श्वास घ्या, सोडा, जीभ दाखवा, घाबरू नका, सगळं ठीक होईल. म्हणजे मला प्रश्न विचारता यायचे. उत्तर आलं की मी देवेशकडे बघायचे.

दवाखान्यात माझ्याबरोबर पुष्पा असते. उधव्याची आहे, वारली. पाड्यांवरून जे पेशंट येतात त्यांचं बोलणं मला अर्धंमुर्धंच कळतं, म्हणून पुष्पा मध्ये उभी राहून सांगते. तिची एक खोड होती. म्हणजे तेव्हा मला ती खोड वाटायची. एखादी म्हातारी काही बोलली आणि पुष्पाला नीट कळलं नाही, की ती सरळ म्हणायची, “मॅडम, मला नाय समजला. परत विचारते.” बाहेर वीस माणसं ताटकळलेली आणि ही बाई एका पोटदुखीला चारचारदा विचारणार! “अगं, अंदाजाने सांग ना,” मी खेकसायचे.

“अंदाजाने कसा सांगू, मॅडम? पोट तिचा हाय.”

मी कपाळाला हात लावायचे.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत सुदर्शनचा फोन आला. सुदर्शन माझा शाळासोबती. चिखल्याला समुद्राला लागून त्याची चिकूची वाडी आहे, तीत चार खोल्या बांधून तो पाहुणे ठेवतो.

“रश्मे, तुझ्यासाठी पेशंट गाठलाय. अस्सल रशियन! नवरा-बायको, सत्तरीच्या पुढचे. गोव्याच्या गर्दीला वैतागून इकडे आलेत, महिनाभर राहणार. म्हातारीच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात आणि ती घाबरून बसलीय. मी सांगितलं, आमच्या गावात रशियन बोलणारी डॉक्टर आहे, तर बाई रडायचीच बाकी राहिली.”

एवढंच म्हणायचं होतं की अरे बाबा, मला चार वाक्यं येतात, फोनवरचं ते भाषांतराचं काय असतं ते चालू ठेव. पण शाळेत मी पहिल्या बाकावर बसायचे आणि सुदर्शन माझी वही बघून लिहायचा. त्याला कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, “घेऊन ये संध्याकाळी.”

आले. नवरा अनातोली, उंच, वाकलेला, पॅन्ट घोट्यापर्यंत दुमडलेली, पायाला वाळू. बायको नीना, गोल, गोरीपान, पांढरे केस मुलासारखे कापलेले. नीनाने फोन छातीशी धरला होता. ती त्यात बोलायची, मग फोन मराठीत बोलायचा, बाईच्या आवाजात, बातम्या दिल्यासारखा. सुदर्शनशी त्यांचं सगळं असंच चालायचं. फोन म्हणाला, “नमस्कार. आम्हाला सांगण्यात आले की तुम्ही आमची भाषा बोलता.”

मी हसून म्हटलं, “झ्द्रास्तुयत्ये!” नमस्कार. पुढे, या, बसा, काय त्रास होतोय, ही माझी पाठ वाक्यं धडाधड म्हटली. उच्चार माझे चांगले आहेत, ते मला आमचे प्राध्यापकही म्हणायचे.

नीनाने आधी माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. मग तिने तो फोन पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावून टाकली. मी ते बघितलं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, बाई, राहू दे तो बाहेर. नाही म्हटलं.

अर्धा तास बोलत होती बिचारी. कित्येक दिवस नवऱ्याखेरीज कोणाशी धड बोलायला मिळालं नसेल, बांध फुटावा तशी बोलली. ती हसली की मी हसायचे, तिने उसासा टाकला की मी मान हलवायचे. मध्ये मध्ये “दा, दा”, हो हो. “खराशो”, छान. रिकाम्या पाकिटावर औषधाचं नाव छापलेलं होतं, बीपी मी मोजलं, आपल्याकडची तीच गोळी लिहून दिली, त्यामुळे त्यात काही चुकलं नाही. मधूनच अनातोलीही काही सांगत होता, शांतपणे, एकेक शब्द ठेवत. त्यात छातीचं काही होतं का? देव जाणे. मी त्यालाही दा, दा म्हटलं.

जाताना नीनाने माझे दोन्ही गाल धरून पापे घेतले. बाहेरची माणसं बघत होती आणि मला, खोटं कशाला बोलू, मूठभर मांस चढलं. पुष्पा गाऊनच्या घड्या घालत म्हणाली, “मॅडम, एवढा काय बोलली ती?”

“काही नाही गं, घरचंच.”

पुष्पाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पाचव्या दिवशी दुपारी दोनला सुदर्शनचा पुन्हा फोन. आवाजच वेगळा. “रश्मी, लवकर ये. म्हातारा घामाने भिजलाय, छाती धरून बसलाय.”

मी ईसीजीचं मशीन उचललं, पुष्पाला दवाखाना बंद करायला सांगितलं आणि वाटेतच घोलवडच्या सुनिलला फोन लावून त्याची अँब्युलन्स चिखल्याला बोलावली. पोचले तेव्हा अनातोली पडवीत आरामखुर्चीत होता, चेहरा राखेसारखा. ईसीजीची पट्टी काढली. मोठा अटॅक, अगदी पुस्तकातल्यासारखा. चावायच्या गोळ्या दिल्या, सुई लावली, ऑक्सिजन लावला. हे सगळं मी बरोबर केलं, पुढे वापीच्या हृदयवाल्या डॉक्टरांनी कागद बघून तसं सांगितलंही. डॉक्टर म्हणून माझ्यावर बोट ठेवायला जागा नाही. मला वाटतं म्हणूनच ते दुसरं इतकं खुपतं.

अँजिओप्लास्टीची सोय वापीलाच. सुनिलने गाडी फाटकाशी लावली, आम्ही तिघांनी अनातोलीला स्ट्रेचरवरून आत घेतलं. मी चढणार तेवढ्यात नीनाने माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी विचारलं. लांबलचक. मध्येच घराकडे बोट केलं, मध्येच गाडीकडे. तिचे हात बर्फासारखे होते. फोन तिच्याजवळ नव्हता, आत खोलीत राहिला असेल. माझा होता, ॲप्रनच्या खिशात. विचारून घ्यायला एक मिनिट लागलं असतं.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला येणारं सगळ्यात सुंदर वाक्य म्हटलं. “व्स्यो बुदित खराशो.” सगळं ठीक होईल.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मान हलवली, आणि वळून घरात पळाली. मला वाटलं काही आणायला गेली. सुनिलने हॉर्न मारला, “मॅडम, थांबायचा का जायाचा?” थांबण्यासारखं नव्हतं, खरंच नव्हतं. सुदर्शन म्हणाला, “तू नीघ, मी तिला माझ्या गाडीतून आणतो.” आम्ही निघालो.

घोलवड गेलं, बोर्डी गेलं, तिथून तलासरीच्या रस्त्याला लागलो. सुनिल खड्डे चुकवत हाणत होता. मी एका हाताने अनातोलीची नाडी धरलेली आणि डोळे मशीनवर. थोड्या वेळाने त्याने तोंडावरचा मास्क बाजूला केला. मी परत लावला. त्याने परत काढला आणि माझं मनगट धरलं. पकड चांगली घट्ट होती. मग तो बोलायला लागला.

तो बडबडत नव्हता. भ्रमात असलेली माणसं मी पाहिलीत, ती वेगळी. हा नीट सांगत होता. चार शब्द, मग श्वास, मग चार शब्द. एक गोष्ट संपवून दुसरीकडे वळल्यासारखा थांबायचा, डोळे मिटून आठवायचा, परत सुरू. एकदा तर किंचित हसलाही. मी म्हणत होते, दा, दा, बोलू नका, श्वास घ्या. तो थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “पन्यालि?”

हा शब्द मला येतो. आमचे ॲनाटॉमीचे सर प्रत्येक हाड दाखवून झालं की तोच विचारायचे. समजलं का?

मी म्हटलं, “पन्याला.” समजलं.

पुढचं सांगितलं त्याने. परत विचारलं, समजलं का? मी परत म्हटलं, समजलं. तीनदा. आम्ही तलासरी सोडून हायवेला लागलो होतो, ट्रकांची रांग होती, सुनिल सायरन वाजवत बाजूने काढत होता. तिसऱ्यांदा मी समजलं म्हटल्यावर अनातोलीने माझं मनगट सोडलं, स्वतःच्या हाताने मास्क तोंडावर ओढला आणि डोळे मिटले. ओझं खाली ठेवावं तसं सगळं अंग त्याने सैल सोडलं.

पुढे लोक मला म्हणाले, अगं, मरणाऱ्या माणसाला ‘नाही कळलं’ कसं सांगणार तू, बरंच केलंस. मीही मान हलवते. पण माझ्या मनात तेव्हा असलं काही नव्हतं हो. मला लाज वाटत होती. पुढे सुनिल बसला होता, मधली काच उघडी होती, आणि सुनिलच्या आईला मी तपासते. गावात डॉक्टरीण रशियन बोलते म्हणून नाव, आणि रशियन माणूस समोर बोलतोय तर हिला कळत नाही, हे त्याने ऐकलं असतं. एवढीच गोष्ट. एवढ्याशा लाजेपायी मी एका माणसाचं शेवटचं बोलणं हवेत जाऊ दिलं. खिशात फोन होता. काढून त्याच्या तोंडाशी धरायचा, एक बटण दाबायचं, बस. कळलं नसतं मला, पण राहिलं तरी असतं.

आच्छाडच्या नाक्यापाशी मशीनवरची रेघ बिघडली. मी छाती दाबायला घेतली. वापीपर्यंत दाबत होते, हात लुळे पडेपर्यंत. तिथे त्यांनी पुढे वीस मिनिटं प्रयत्न केले. मग घड्याळ बघून वेळ लिहिली.

नीना पाऊण तासाने पोचली. खांद्याला पर्स, हातात पासपोर्टांची पिशवी, विम्याचे कागद, त्याचा चष्मा, आणि घरात घालायच्या त्याच्या सपाता. सुदर्शनचा चेहरा बघून मला कळलं की त्याने तिला काही सांगितलेलं नाही, ते माझ्यावर ठेवलंय. का ठेवणार नाही? रशियन बोलणारी मीच ना.

मला ते वाक्य येत नव्हतं. चाळीस वाक्यांत ते नव्हतं. मी नुसती उभी राहिले. तिने माझ्याकडे बघितलं आणि सपाता हातातून खाली पडल्या.

त्याला बघून आल्यावर ती बाकावर माझ्याशेजारी बसली. मग माझा हात हातात घेऊन हळू, सोपं करून विचारलं, “श्तो ऑन स्कझाल?” हे मला समजलं. तो काय म्हणाला?

आणि बघा, त्यातूनही मी शहाणी झाले नाही. म्हटलं, “नीना. तो म्हणाला, नीना.” मला वाटलं, यात काय बिघडतं, कुठलाही नवरा हेच म्हणेल. तिला बरं वाटेल.

तिने हात सोडवून घेतला. पर्सची चेन उघडली, फोन काढला, त्यात दोन वाक्यं बोलली आणि पडदा माझ्याकडे केला. सुदर्शनसाठी मराठीत लावलेलं तसंच होतं. ‘सेहेचाळीस वर्षांत त्याने मला एकदाही नीना म्हटले नाही. तो मला गल्चोनक म्हणत असे, कावळ्याचे पिल्लू, कारण माझे केस काळे होते.’

मी मान खाली घातली.

ती परत बोलली. ‘तुम्हाला समजत नाही. त्या दिवशीही समजले नव्हते. खरे सांगा.’

“नाही समजत,” मी फोनमध्ये मराठीत म्हटलं. फोनने ते तिला रशियनमध्ये सांगितलं. माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या रशियनमध्ये.

तिने पुन्हा फोन तोंडाशी धरला, आणि मला वाटलं आता शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. पडद्यावर आलं, ‘गाडीपाशी मी विचारले होते, तो पोचणार नाही अशी भीती असेल तर मी कागद आणायला जात नाही, अशीच त्याच्याजवळ बसते. तुम्ही म्हणालात, सगळे ठीक होईल.’

सुदर्शन समोर उभा होता, तो वाचत होता, आणि त्याला कळलं तर कळू दे असं मला पहिल्यांदाच वाटलं. फार उशिरा वाटलं.

मग ती माझ्या अगदी जवळ सरकली, आणि फोन मध्ये धरून म्हणाली, ‘एखादा शब्द आठवा. अर्थ नको. फक्त आवाज काढा, जसा ऐकला तसा. मी ओळखेन.’

मी डोळे मिटले. सगळा जीव गोळा करून आठवलं. त्याचं हसणं आठवलं, मनगटावरची बोटं आठवली, मशीनची टिकटिक, ट्रकचे हॉर्न, सुनिलचं “हट, हट”. शब्द एकही नाही. “गल्चोनक?” ती विचारत होती, माझ्या चेहऱ्याकडे बघत. “गल्चोनक?” हो म्हणणं किती सोपं होतं! तिला तेच हवं होतं. पण या खेपेला मी खरं बोलले, नाही म्हणून मान हलवली, माहीत नाही. असेल किंवा नसेल. मी ऐकतच नव्हते. कळत नाही म्हटल्यावर माझे कानच मिटले होते, मी फक्त पुढचं ‘दा’ कुठे घालायचं ते बघत होते.

पुढची सगळी धावपळ सुदर्शनने केली, कागद, दूतावास, विमान. नीना दहा दिवसांनी गेली. मला भेटायला आली नाही, आणि मीही गेले नाही. त्याच आठवड्यात मी स्टुलावर चढले. पप्पांनी दोन दिवसांनी विचारलं, “एका माणसाचं कळलं नाही म्हणून काय झालं?” त्यांना काय सांगणार? मम्मीने मात्र ताट वाढताना पाठीवरून हात फिरवला, आणि मला तिथेच रडू फुटलं.

एप्रिलमध्ये नीनाचा मेसेज आला, मशीनच्या मराठीत. ‘नमस्कार रश्मी. इथे बर्फ वितळला. मी ठीक आहे. काही आठवले का?’ मी लिहिलं, नाही. जूनमध्ये परत. गणपतीत परत. कधी बागेचा फोटो, कधी मांजराचा, आणि खाली तेवढंच, काही आठवले का?

तेव्हापासून मी रशियन शिकतेय. खरंखुरं. तिकडच्या एक बाई आहेत, रोज संध्याकाळी दवाखाना बंद झाला की कम्प्युटरवर तासभर शिकवतात. पुष्पा लादी पुसताना ऐकत असते. मला वाटलं होतं, भाषा कळायला लागली की तो आवाज कुठूनतरी वर येईल, डोक्यात कुठेतरी पडलेला असेलच. आज वर्ष होत आलं. नीट बोलते, वाचते, स्वप्नंसुद्धा पडतात रशियनमध्ये. त्यांत अनातोली बोलतो, आणि जागी झाल्यावर कळतं की ते माझ्याच धड्यातलं वाक्य होतं.

नीनाला मी नवीन वर्षाच्या शुभेच्छा रशियनमध्ये लिहिल्या, विचार न करता. मला वाटलं, तिला बरं वाटेल. पुन्हा तेच, मला वाटलं.

परवा तिचा निरोप आला, लिहिलेला नव्हता, आवाजातला. मशीन नाही, मराठी नाही, ती स्वतः बोलत होती. मी पुष्पाला थांबायला सांगितलं आणि ऐकलं. पहिल्यांदाच मला नीनाचा शब्द न् शब्द समजला.

ती म्हणाली, “रश्मी, इतकं छान लिहितेस तू. मी खूप विचार केला. वापीला तू माझ्यासाठी खोटं बोललीस, कळलं नाही म्हणालीस, हे आता माझ्या लक्षात आलंय. तो माझ्याबद्दल काही कडू बोलला असेल. आमचं सगळंच काही गोड नव्हतं. मला सांग. मी तुझ्यावर रागावणार नाही, त्याच्यावरही नाही. पण न कळता मला मरायचं नाही.”

पुष्पाने विचारलं, “काय म्हणते ती, मॅडम?” मी तिला एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं, काही न गाळता. ती फडका हातात घेऊन ऐकत उभी राहिली.

मग मी उत्तर लिहिलं. ‘नीना, देवाशपथ सांगते, मला तेव्हा रशियन येत नव्हतं.’ रशियनमध्येच लिहिलं. दोनदा वाचून बघितलं, एकही चूक नव्हती. पाठवलं. तिने वाचल्याची खूण आली. उत्तर अजून आलेलं नाही.